उन्हाळी सुट्टीत अख्खी ज्ञानेश्वरी, अर्थासकट: ४४ दिवसांत बसेल का?

खडूफळा (प्रश्न)

मी शिक्षक. २ मे ते १४ जून शाळेला सुट्टी. दोन्ही टोकं धरून ४४ दिवस. या सुट्टीत ज्ञानेश्वरी पहिल्या ओवीपासून शेवटच्या ओवीपर्यंत वाचायची आहे, आणि पारायणासारखी नाही, अर्थ कळत. दिवसाला अडीच तास निघतील, त्याहून जास्त नाही. सोलापूरचा मे असल्यामुळे दुपारी बारा ते पाच या वेळेत डोकं चालत नाही, ती वेळ मी धरलेलीच नाही.

हिशोब असा केलाय: १८ अध्याय, ४४ दिवस, म्हणजे एका अध्यायाला साधारण अडीच दिवस. हे बरोबर आहे का? प्रत कुठली घ्यावी? आधी अर्थ वाचून मग ओवी, की उलट? घरची बोली तेलुगू, शिक्षण सगळं मराठीतून. जुन्या मराठीची सवय शून्य. लोक नेमके कुठे अडकतात ते सांगितलंत तर फार बरं होईल.

---

कडकभाकरी

अध्यायांवर भागायला गेलात तर हमखास फसाल. बहुतेक जण इथेच बुडतात, म्हणून आधी हेच लिहितो.

प्रचलित प्रतीत एकूण ९०३३ ओव्या धरतात. पण अध्याय सारखे नाहीत. पाचव्यात १८० आणि अठराव्यात १८१०, म्हणजे जवळजवळ दहापट. तेराव्यात ११७०. तेरावा आणि अठरावा हे दोनच अध्याय मिळून जवळजवळ ३००० ओव्या, म्हणजे ग्रंथाचा एक तृतीयांश भाग. बारावा संपवलात की मनात येतं, ‘चला, दोन तृतीयांश झालं.’ प्रत्यक्षात तेव्हा ४१३५ च्या आसपास ओव्या झालेल्या असतात, निम्म्यासुद्धा नाहीत. अडीच दिवसांना एक अध्याय या चालीने तुम्ही ३१ मेला बारावा संपवून खुशीत असाल, आणि उरलेल्या १४ दिवसांत ४९०० ओव्या अंगावर येतील. दिवसाला ३५०. अर्थासकट ते होत नाही.

म्हणून ओव्या मोजा. वेगाचा अंदाज असा: ओवी एकदा मोठ्याने म्हणायची, अर्थ पाहायचा, परत ओवी वाचायची. याला सरासरी ४० सेकंद लागतात. तासाला ९०. अडीच तासांत २२५. ९०३३ ला २२५ ने भागलं तर ४० दिवस आणि वर थोडं. म्हणजे बसतं, पण जेमतेम. सुरुवात करण्याआधी घड्याळ लावून ५० ओव्या वाचून बघा. ३५ मिनिटांच्या आत झाल्या तर योजना तुमची. पाऊण तास लागला तर एक तर वेळ वाढवा, नाही तर आत्ताच निम्मा ग्रंथ ठरवा. जूनमध्ये कळण्यापेक्षा ते बरं.

मी अशी वाटणी करेन (ओव्या गोळाबेरीज, प्रतीप्रमाणे एखाददुसरी इकडेतिकडे):

अध्याय १ ते ३: सुमारे ९२५ ओव्या, ६ दिवस. मुद्दाम सैल ठेवलंय, भाषा बसायला वेळ जातो.
४ ते ६: ९००, ४ दिवस.
७ ते ९: १०१५, ५ दिवस.
१० ते १२: १२९०, ६ दिवस.
१३ एकटा: ११७०, ५ दिवस.
१४ ते १७: १९२०, ८ दिवस.
१८: १८१०, ७ दिवस.

बेरीज ४१ दिवस. तीन मोकळे. सलग गेलात तर ७ मेला तिसरा, ११ ला सहावा, १६ ला नववा, २२ ला बारावा, २७ ला तेरावा, ४ जूनला सतरावा आणि ११ जूनला ग्रंथ पूर्ण.

एखादा दिवस बुडाला (मे महिना आहे, लग्नं असणारच) तर दुसऱ्या दिवशी ४५० वाचायला बसू नका. ती २२५ पुढच्या चार दिवसांवर पसरा, रोज ५५-६० जास्त. दुप्पट वाचलेल्या दिवसाचा अर्थ तिसऱ्या दिवशी डोक्यात राहिलेला नसतो, आणि कंटाळा मात्र राहतो.

---

माळवद

वाटणी उत्तम, एकच दुरुस्ती. तीनही मोकळे दिवस शेवटी ठेवू नका. शाळा १५ जूनला उघडते हे कागदावर. पुस्तकवाटप, प्रवेश, बैठक म्हणून शिक्षकांना दोन-तीन दिवस आधीच निरोप येतो. एक मोकळा दिवस सहाव्या अध्यायानंतर ठेवा, एक तेराव्यानंतर, एक शेवटी. सहाव्यानंतरचा का, तर त्यात कुंडलिनीचं लांबलचक वर्णन आहे. तिथे अर्थ समोर असूनही हाती काही लागत नाही, आणि ‘मला कळत नाहीये’ म्हणून लोक तिथेच पुस्तक मिटतात. ते योगशास्त्राचं अनुभवाचं वर्णन आहे. पहिल्या वाचनात नुसता क्रम ध्यानात ठेवायचा, कशानंतर काय होतं एवढाच, आणि पुढे सरकायचं.

वेळेबद्दल. अडीच तास सलग नको. सकाळी सहा ते साडेसात दीड तास, तेव्हा १३५ ओव्या. संध्याकाळी ऊन कललं की एक तास, ९० ओव्या. नव्या ओव्या सकाळी कठीण, संध्याकाळी सोप्या अशी विभागणी जमली तर बघा: तत्त्वचर्चा सकाळी, दृष्टांत संध्याकाळी. गच्चीवर किंवा माळवदावर बसणार असाल तर चार्जिंगचा दिवा जवळ हवाच. वीज जाण्याचा भाग सोडा, संधिप्रकाशात अनुस्वार दिसत नाहीत, आणि या पुस्तकात अनुस्वार दिसला नाही की अर्थ बदलतो. त्यावर कोणीतरी जाणकार लिहीलच.

---

शब्दकोश_चाळणारा

लिहितो.

आधी प्रत. तुम्हाला ‘सार्थ’ प्रत हवी, म्हणजे ओवी आणि तिचा अर्थ दोन्ही असलेली. नुसत्या मूळ ओव्यांची पारायणाची पोथी किंवा गुटका या कामाचा नाही. सार्थमध्ये साखरे महाराजांच्या परंपरेची आणि शं. वा. ऊर्फ सोनोपंत दांडेकरांची (१९५३) या दोन प्रती सर्रास मिळतात. दुकानात घेताना एकच बघा: ओवी आणि अर्थ एकाच पानावर किंवा समोरासमोर आहेत का. अर्थ अध्यायाच्या शेवटी असेल तर दर ओवीला पानं उलटण्यातच दहा सेकंद जातात. २२५ ओव्यांना ते पाऊण तासाच्या घरात जातं.

आणि एकदा घेतलेली प्रत शेवटपर्यंत सोडायची नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) पाठ शुद्ध केला, त्या परंपरेच्या प्रती वेगळ्या. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १९०९ साली जुन्या हस्तलिखितावरून छापलेली वेगळी. ओव्यांचे क्रमांक जुळत नाहीत, शब्दांची रूपंही वेगळी. अर्थ एका प्रतीत, ओवी दुसरीत असं केलंत की तिसऱ्या अध्यायात गोंधळ उडतो. वाचनालयाची प्रतही मुख्य म्हणून नको, कारण पेन्सिल चालवायची आहे. हिराचंद नेमचंद वाचनालयात जायचंच असेल तर कोशासाठी जा.

कोश म्हणजे दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश. त्यात जुन्या शब्दापुढे ‘-ज्ञा’ आणि पुढे अध्याय-ओवीचा आकडा असतो, म्हणजे तो शब्द ज्ञानेश्वरीत कुठे आलाय ते थेट कळतं. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर हा कोश शोधता येतो, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोशही तिथेच आहे. शब्द सापडला नाही तर शेवटचा अनुस्वार आणि ‘उ’कार काढून बघा. पण वाचताना कोशाला हात लावू नका. शब्दाखाली रेघ मारा, बैठक संपल्यावर दिवसाचे फार तर पाच शब्द बघा. ओवीओवीला कोश उघडणाऱ्याचा पहिला अध्याय संपायलाच मे उलटतो.

आता भाषा. सगळ्यात जास्त दगा देतात ते न कळणारे शब्द नव्हेत, कळल्यासारखे वाटणारे शब्द. हे एका कागदावर लिहून पुस्तकात ठेवा.

‘कां’ म्हणजे बहुतेक वेळा ‘किंवा’. ‘का’ असा प्रश्न समजलात की पूर्ण दृष्टांत उलटा होतो. ‘जरी… तरी’ म्हणजे बऱ्याचदा आजचं ‘जर… तर’, ‘असलं तरी’ नव्हे. ‘सांडणे’ म्हणजे सोडून देणे, लवंडणे नव्हे. ‘पाठीं’ म्हणजे नंतर. ‘पुढती’ म्हणजे पुन्हा. ‘चाड’ म्हणजे इच्छा, गरज. ‘निकें’ म्हणजे चांगलं. ‘मा’ म्हणजे मग. ‘कीर’ म्हणजे खरोखर, पोपट नव्हे. ‘आघवें’ सगळं, ‘वायां’ फुकट, ‘नावेक’ क्षणभर, ‘लटिकें’ खोटं, ‘एऱ्हवीं’ एरवी. ‘पैं’, ‘हन’ हे नुसते ठेक्याचे, त्यांचा अर्थ शोधत बसू नका.

क्रियापदात ‘-जे’ दिसलं की ‘केलं जातं’ किंवा ‘करावं’ असं वाचा: कीजे, दीजे, देखिजे, म्हणिजे. शेवटचा अगदी फसवा, कारण आजचं ‘म्हणजे’ डोळ्यांसमोर येतं.

आणि अनुस्वार. ‘मनें’ म्हणजे मनाने. ‘घरीं’ म्हणजे घरात. ‘तूतें’ म्हणजे तुला. आजच्या ‘-ने’, ‘-त’, ‘-ला’चं काम हे टिंब आणि ‘-तें’ करतात. टिंब गाळून वाचलं तर कोणी कोणाला काय केलं हेच हरवतं. आता माळवद यांचा दिवा कशाला ते कळलं असेल.

तेलुगू घरचं असण्याचा इथे फायदाच आहे, एका बाबतीत तरी. ज्ञानेश्वरीत ‘तर्कु’, ‘फरशु’, ‘अंकुशु’ अशी उकारान्त पुल्लिंगी रूपं पानोपानी आहेत, आणि तो शेवटचा ‘उ’ स्पष्ट म्हणायचा असतो. शब्दाच्या शेवटचा ‘अ’सुद्धा ओवीत अर्धा सोडायचा नाही. आजच्या मराठीची जीभ तो गिळते. तेलुगूत बहुतेक शब्द स्वरावर संपतात, तुमची जीभ अडणार नाही. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा. तिसऱ्यानंतर किंचित थांबा. मोठ्याने म्हटल्यावर निम्मा अन्वय आपोआप लागतो.

---

व्यासपीठ

ओवी आधी की अर्थ आधी? पहिले तीन अध्याय अर्थ आधी. चौथ्यापासून ओवी आधी. सहाव्यापासून चार-पाच ओव्यांचा गट एकदम वाचून मगच अर्थाकडे बघायचं.

गट का, तर ज्ञानेश्वरीत वाक्य एका ओवीत संपतच नाही. ‘जैसें’ने दृष्टांत सुरू होतो, ‘कां’ किंवा ‘ना तरी’ने दुसरा जोडला जातो, मग तिसरा, आणि पाच ओव्यांनंतर ‘तैसें’ येतं. मुद्दा त्या ‘तैसें’च्या ओवीत असतो. एकेक ओवी सुटी वाचणारा पाण्याचं, दिव्याचं, सोन्याचं असं वाचत जातो आणि कशाचं चाललंय ते विसरतो. ‘जैसें’ दिसलं की पेन्सिलने समासात उभी रेघ सुरू करा, ‘तैसें’ला संपवा. रेघ संपेपर्यंत अर्थात डोकवायचं नाही. दृष्टांत साखळीने वाचायला लागलात की ४० सेकंदांची ओवी ३० वर येते. कडकभाकरी यांच्या हिशोबात ती बचत धरलेली नाही, ती तुमची शिल्लक.

दुसरी गुंतागुंत बोलणाऱ्यांची. संजय धृतराष्ट्राला सांगतोय, त्यात कृष्ण अर्जुनाला सांगतोय, हे सगळं ज्ञानदेव श्रोत्यांना सांगतायत, मधेच श्रोते ज्ञानदेवांना टोकतात, निवृत्तिनाथ ‘आवर आता’ म्हणतात. आणि पुष्कळ छापील प्रतींत अवतरणचिन्हं नसतात. समासात खूण करत चला: कृ, अ, सं, ज्ञा, श्रो. ओळखायची किल्ली संबोधनात आहे. ‘गा’, ‘अगा’, ‘बापा’ दिसलं तर बहुधा कृष्ण अर्जुनाशी बोलतोय. ‘जी’ दिसलं तर बोलणारा खालच्या पायरीवर आहे: अर्जुन कृष्णाला, संजय राजाला, नाहीतर ज्ञानदेव श्रोत्यांना किंवा गुरूंना. किरीटी, धनुर्धर, पंडुसुत, सव्यसाची, कपिध्वज ही सगळी अर्जुनाचीच नावं, नवीन पात्रं नव्हेत. हसू नका, पहिल्या वाचनात हा घोळ होतो.

पारायणाबद्दल एक सांगून ठेवतो, कारण मे-जूनमध्ये आजूबाजूला कुठे ना कुठे सप्ताह लागलेला असतो आणि तुलना होते. सात दिवसांचं पारायण म्हणजे रोज १२९० ओव्या. ती चाल वेगळी, हेतू वेगळा. तिथे व्यासपीठ चालक पुढे म्हणतो, बाकीचे मागोमाग. सकाळी तिथे बसून कान तयार करून घ्यायला हरकत नाही, पण त्या ओव्या तुमच्या २२५ मध्ये मोजू नका.

---

खडूफळा

सर्वांचे आभार. वाटणी वहीत उतरवली, मोकळे दिवस माळवद म्हणाले तसे ठेवले. दोन शंका राहिल्या. एक, पहिल्याच पानावर अडकायलोय. गणेशवंदनात षड्दर्शनं, वार्तिक असं काय काय येतं, अर्थ वाचूनही टोटल लागत नाही. बाराव्यापासून सुरुवात केली तर? तो लहान आहे म्हणतात. दोन, तेरावा आणि अठरावा एवढे लांब का, आणि तिथे वाचकाचं काय होतं? शिवाय पुतणी आठवीतून नववीत गेलीय, तिलाही ‘चॅलेंज’ हवंय. तिला काय द्यावं?

---

कडकभाकरी

बाराव्यापासून नको. २४७ ओव्यांचा आहे, गोड आहे, मान्य. पण तो अकराव्यातल्या विश्वरूपावरून उठलेल्या प्रश्नाने सुरू होतो. सगुण बरं की निर्गुण, हा प्रश्न अर्जुन का विचारतोय ते मागचं वाचल्याशिवाय कळत नाही.

---

व्यासपीठ

माझं मत वेगळं आहे. सवय शून्य असेल तर १ मेला, सुट्टीच्या आदल्या दिवशी, बाराव्यातल्या भक्तलक्षणांच्या पन्नास ओव्या नमुना म्हणून वाचाव्यात. त्या सरळ आहेत, धीर येतो. मग २ मेला पहिल्यापासून. घड्याळाची परीक्षाही त्याच पन्नासांवर होऊन जाईल.

---

कडकभाकरी

घड्याळाची परीक्षा सोप्या ओव्यांवर घेतली तर आकडा खोटा येणार. नमुना वाचा, वेळ मात्र दुसऱ्या अध्यायावर मोजा.

---

शब्दकोश_चाळणारा

गणेशवंदन सोडवायची रीत सांगतो. ते एकच मोठं रूपक आहे: सगळं वाङ्मय म्हणजे गणपतीची मूर्ती. एक कोरा कागद घ्या, गणपतीचं वेडंवाकडं चित्र काढा, आणि वाचत जाल तसं अवयवांपाशी लिहा. सहा दर्शनं, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या सहा शाखा, हे सहा हात. त्या हातांत तर्क हा परशू, नीतिभेद हा अंकुश, वेदान्त हा मोदक. मोडका दात एका हातात आहे, तो वार्तिककारांनी खंडन केलेल्या बौद्धमताचा संकेत. पहिल्या वीस ओव्यांत चित्र भरतं. फळ्यावर आकृती काढून शिकवायची तुम्हाला सवय असणारच, तेच इथे करायचं. वीस ओव्यांना पहिल्या दिवशी पाऊण तास गेला तरी चालेल, पहिले सहा दिवस त्यासाठीच सैल आहेत. यानंतर शारदा, गुरू, महाभारताची थोरवी, आणि मग कुरुक्षेत्र. युद्धभूमीचं वर्णन सुरू झालं की पहिला अध्याय भराभर जातो, कारण ती गोष्ट आहे.

बाराव्यापासून पुढचा प्रत्येक अध्याय गुरुवंदनाने उघडतो. ती वंदनं अशीच रूपकं आहेत: सोळाव्याची सूर्य, पंधराव्याची पूजा. तिथेही हीच युक्ती चालते.

---

माळवद

तेराव्याचं मी सांगतो.

गीतेत ज्ञानाची लक्षणं पाच श्लोकांत आटपतात. नुसती शब्दांची यादी आहे: अमानित्व, अदंभित्व, अहिंसा, क्षांती अशी. ज्ञानदेव यातल्या एकेका शब्दावर थांबतात. एकट्या अहिंसेवर शंभराहून जास्त ओव्या आहेत, आणि त्याही आधी यज्ञातली नि वैद्यकातली हिंसा खोडून काढतात, मग अहिंसक माणूस कसा चालतो, कसा बघतो, बोलतो, हात कसा हलवतो तिथपर्यंत जातात. यादी संपते तेव्हा गीता अर्ध्या ओळीत म्हणते, याहून उलटं ते अज्ञान. ज्ञानदेव ती अर्धी ओळ घेतात आणि अज्ञान्याची लक्षणंही सविस्तर काढून दाखवतात. म्हणून ११७०.

वाचकाचं इथे काय होतं? दोनशेव्या ओवीच्या आसपास तो यादीत आपण कुठे आहोत तेच विसरतो. उपाय साधा. तेरावा उघडायच्या आधी ७ ते ११ हे गीतेचे श्लोक वहीत लिहून एकेक गुण सुटा करा, प्रत्येकापुढे जागा सोडा. गुण संपला की ओवी क्रमांक टाका आणि आपल्या बोलीत एक ओळ लिहा. त्या पाच दिवसांत ही यादीच तुमचा नकाशा. श्लोकांचा क्रमांक प्रतीप्रमाणे एकाने पुढेमागे असू शकतो, कारण काही प्रतींत तेराव्याच्या सुरुवातीला अर्जुनाचा एक जास्तीचा प्रश्न धरतात.

आणि हो, तेरावा माझ्या मते सगळ्यात वाचनीय अध्याय आहे. लांबीला घाबरून तिथे वेग वाढवलात तर सुट्टी वाया गेली म्हणा.

---

कडकभाकरी

अठराव्यात वेगळाच त्रास. तिथे अडत नाही, तिथे सगळं एकसारखं वाटायला लागतं. कारण सात्त्विक, राजस, तामस ही तिकडी. ती चौदाव्यात येते. सतराव्यात श्रद्धा, आहार, यज्ञ, तप, दान या प्रत्येकाची तिकडी. अठराव्यात परत त्याग, ज्ञान, कर्म, कर्ता, बुद्धी, धृती, सुख, प्रत्येकाची तिकडी. चाळिसाव्या दिवशी माणूस म्हणतो, हे कालच वाचलं होतं की.

चौदाव्यापासूनच दोन पानी तक्ता आखा, तीन रकाने. डावीकडे विषय, पुढे तीन गुण, घरात चार-पाच शब्द फक्त. ज्ञानदेवांनी दिलेला दृष्टांत लिहा, व्याख्या नको. व्याख्या तिन्ही घरांत सारख्या दिसतात, दृष्टांत वेगळे असतात, ते लक्षात राहतात. अठराव्यापर्यंत तक्त्यात बारा-तेरा ओळी भरतात आणि मग पुनरुक्ती वाटणारी गोष्ट तुलना म्हणून वाचली जाते.

अठराव्याचे सात दिवस सारखे वाटू नका. सुरुवातीला देवळाच्या शिखराचं, कळसाचं रूपक आहे आणि सगळ्या गीतेची जुळणी आहे. तिथे मागचं आठवावं लागतं, पहिले दोन दिवस २०० वर ठेवा. मधल्या तिकड्या तक्त्यामुळे वेगात जातील, ३०० पर्यंत. शेवटी ‘सर्वधर्मान्’ श्लोकापाशी, म्हणजे ६६ व्या श्लोकावर, परत सावकाश. पसायदान एकूण नऊ ओव्यांचं, १७९४ पासून, पण ग्रंथ तिथे संपत नाही. पुढे काही ओव्या आहेत, त्यात नेवाशाचा आणि शके १२१२ चा उल्लेख येतो. लोक पसायदानाला हात जोडून पुस्तक बंद करतात आणि त्या आठ ओव्या कायमच्या राहून जातात.

---

व्यासपीठ

पुतणीला अख्खा ग्रंथ नको. रोज दहा ओव्या, बारावा अध्याय. २४७ ओव्या २५ दिवसांत. पहिल्या दिवशी अर्थ तुम्ही सांगा, दुसऱ्या दिवशी तिने कालच्या दहांतला एक दृष्टांत तुम्हाला सांगायचा. उरलेल्या दिवसांत पसायदानाच्या नऊ ओव्या, दोन दिवसांना एक, शब्दाशब्दाचा अर्थ लावून. तोंडपाठ तर शाळेच्या प्रार्थनेमुळे असेलच. अर्थ विचारून बघा, ‘खळांची व्यंकटी’ला बहुतेक मुलं थांबतात. व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. दुष्ट नष्ट होवोत असं नव्हे, त्यांचा वाकडेपणा जावो असं मागणं आहे.

तुमच्यासाठी: दर बैठकीनंतर वहीत चार ओळी, पुस्तक मिटून, बोलीभाषेत. चार ओळी सुचल्या नाहीत तर त्या बैठकीतल्या शेवटच्या तीस ओव्या उद्या परत. अख्खी बैठक परत करायची नाही.

---

खडूफळा

पसायदानानंतरच्या ओव्यांचं माहीतच नव्हतं. तक्ता आणि गणपती दोन्ही करतो. एक बारकी शंका: मागे पडलोच, समजा २७ मेला तेराव्याच्या मध्यावरच असलो, तर काय गाळू?

---

कडकभाकरी

गाळायचं काहीच नाही, रीत बदलायची. चौदा ते सतरामधली गुरुवंदनं नुसती मोठ्याने म्हणा, अर्थ बघू नका. सोळाव्यातल्या आसुरी लोकांच्या वर्णनाचा अर्थ आधी एका दमात वाचा, ओव्या नंतर एकदाच. एवढ्यात दोन दिवस निघतात. तेराव्यात आणि अठराव्यात हात लावू नका.

---

शब्दकोश_चाळणारा

पेन्सिल एचबी नको, टूबी घ्या. सार्थ प्रतींचा कागद बऱ्याचदा पातळ असतो, टोकदार पेन्सिलीचा मागच्या पानावर उठाव येतो आणि तो अनुस्वारासारखा दिसतो.

आणि व्यासपीठ यांनी सांगितलेल्या खुणांत श्रोत्यांसाठी ‘श्रो’ लिहू नका, घाईत ‘श्री’ वाचलं जातं आणि कृष्ण बोलतोय असं वाटतं. श्रोत्यांना नुसतं वर्तुळ करा.